करवतीच्या गरम मुठी

थंडी पडली की लोकांना हुरडा आठवतो, ताजा गूळ आठवतो. मला व्हार्निश आठवतं. आज सकाळी सांगलीच्या पुलावरून स्कूटरने चालले होते. खाली नदीवर धुकं साचलेलं आणि वारा थेट बोटांवर. आधी करंगळी गेली, मग तिच्या शेजारचं बोट. ब्रेक दाबलाय की नाही हे बोटांना कळेना, डोळ्यांनी खाली बघावं लागलं. आणि तेवढ्यात तो गोडसर, डोक्यात चढणारा वास आला. पुलावर कुठलं आलंय व्हार्निश! पण आला खरा. वर्गात पोचले ती हसतच. मी आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग शिकवते. मुलींनी विचारलं, "मॅडम, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही गं, आमचे हवालदार आठवले."

लोणंदला, फलटणकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या. आप्पा, म्हणजे माझे वडील, मोटारींची आतडी काढून नवी तांब्याची तार भरायचे. मग व्हार्निशमध्ये बुडवून मोटार उन्हाला ठेवायची. हिवाळ्यात ऊन तरी किती? त्यामुळे थंडीचे चार महिने दुकानाच्या दारात ओल्या व्हार्निशच्या मोटारी रांगेनं ऊन खात बसलेल्या असायच्या, आणि त्यांच्या शेजारी आम्ही. समोरून कांद्याचे ट्रक बाजाराकडे जायचे. दुपारी वारा फिरला की साखर कारखान्याच्या मळीचा वास यायचा. व्हार्निश, कांदा आणि मळी हे तीन वास एकत्र झाले की आमच्याकडे हिवाळा आला असं समजायचं.

नव्वदच्या दशकातला हा हिवाळा. आयटीआय होऊन मला वर्ष झालं होतं. वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. दुसरीचं लग्न झालं, मी दुकानात आले. गिऱ्हाईक यायचं, माझ्याकडं बघायचं आणि विचारायचं, "आप्पा कुटं गेल्यात?" आप्पा समोरच बसलेले असले तरी मोटार खाली ठेवताना त्यांच्या पायाशी ठेवायचं, माझ्या नाही. मला राग यायचा. तेव्हाही यायचा, आता सांगतानाही थोडा येतोय.

फक्त एक माणूस आपली वस्तू थेट माझ्यासमोर ठेवायचा. हणमंतराव. सतरा वर्षं फौजेत काढून आलेले, सगळा गाव त्यांना हवालदारच म्हणायचा. कालव्याकडेच्या एका वस्तीवर त्यांचं घर. वय चाळिशीच्या अलीकडे, मिशा दोन्हीकडे सारख्या कातरलेल्या, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपण चुकून परेडवर आलो. मला मात्र आक्का म्हणायचे. त्या हिवाळ्यात एका सकाळी ते आले ते खांद्यावर पोतं घेऊन. पोत्यातून त्यांनी केशरी रंगाची साखळीची करवत काढली. पेट्रोलवर चालणारी, परदेशी. आमच्या भागात तिला सगळे कटर म्हणायचे. लष्करी भंगाराच्या लिलावात त्यांनी ती घेतली होती. पोटच्या पोराला उतरवावं तशी त्यांनी ती माझ्या बाकड्यावर उतरवली.

"आक्का, हिच्या मुठी गार पडल्यात."

आप्पा हसले. "हवालदार, थंडीत समद्यांच्याच मुठी गार पडत्यात."

"तसं न्हवं आप्पा. हिच्या मुठी गरम व्हत्यात. मंजी व्हायच्या. बर्फात लाकूड तोडायला बनवल्यात ह्या. इंजन चालू केलं, हे बटन दाबलं, की दोन मिनिटात दोनी मुठी ऊन. गेल्या थंडीत व्हत व्हत्या. आता न्हाई व्हत."

मी मान खाली घालून हातातली पकड पुसायला लागले. का ते सांगते.

त्याच वर्षीच्या एप्रिलात हवालदारांचा मेव्हणा हीच करवत घेऊन दुकानात आला होता. चालू होत नव्हती. आप्पा फलटणला मोटार बसवायला गेले होते, दुकानात मी एकटी. प्लगची वायर खराब झाली होती, ती बदलली, दोरी ओढली, आणि करवत अशी काही गरजली की शेजारचे टेलर हातात कात्री घेऊन बाहेर आले. मी खूश. दोन मिनिटं चालवून बघितली आणि हाताला चटका बसला. मूठ तापत होती! आमच्या दुकानात तापण्याचा अर्थ एकच होता. मोटार तापली की ती जळणार. लहानपणापासून आप्पा मोटारीच्या अंगावर आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवताना मी बघितलेले. म्हणजे कुठंतरी शॉर्ट झालाय, माणसाच्या हाताला धोका आहे. मी मुठीचं कव्हर उघडलं, आत जाणारी वायर शोधली आणि पकडीनं तोडली. टोकावर पिवळी नळी चढवली, वरून टेप गुंडाळला, सगळं नीट आत बसवलं. पुन्हा चालवली. मूठ गार. कुणी न सांगता मी दुसरा बिघाड शोधून काढला होता, म्हणून संध्याकाळभर मी कॉलर ताठ करून फिरत होते. मेव्हण्याला सांगायचं तेवढं विसरले, कारण तो आला तेव्हा घाईत होता आणि मी आपल्याच तोऱ्यात.

गेल्या थंडीपासून चालूच राहिलेल्या वरच्या बटनाजवळ तीन नागमोडी रेघा होत्या. चहाच्या कपावर वाफ काढतात तशा. मला वाटलं होतं, कंपनीची खूण असेल.

आता हवालदार समोर बसले होते आणि मला वाफ दिसत होती. आप्पांसमोर बोलायचं धाडस झालं नाही. मनात म्हटलं, यात काय मोठंसं? वायर जोडून देऊ, मुठी तापतील, विषय संपला. कुणाला कळणारही नाही.

"घाई हाय का दादा?" मी विचारलं.

"सोमवारी काम सुरू हुतंय."

तो गुरुवार होता. त्यांनी हात पुढं केले. उजव्या हाताची तीन बोटं आणि डाव्याची दोन, टोकांना पांढरी होती, खडूसारखी. बर्फातल्या नोकरीत ती एकदा गारठली होती. ऊन चढलं की ठीक, पण थंडीत सकाळी त्या बोटांत जीवच नसायचा. आणि काम नेमकं सकाळचं. कालव्याकडेच्या वाळलेल्या बाभळी काढायचा ठेका त्यांना मिळाला होता. झाडं रस्त्यावर आडवी पडणार, म्हणून ऊसगाड्या सुरू व्हायच्या आत, नवाच्या आत काम उरकायचं अशी अट होती. बोटांना कळत नसताना हातात फिरती साखळी धरायची म्हणजे काय, ते मला समजावून सांगायची गरज नव्हती.

"आन् न्हाई जमलं तर?"

"तर पुण्याला. एक दोस्त वॉचमनची जागा देतोय," ते म्हणाले आणि रस्त्यावरच्या कांद्याच्या ट्रककडं बघत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीही आल्या, सुमनवहिनी. बाजाराला आले म्हणाल्या, पण पिशवी रिकामीच होती. माझ्याजवळ बसून हळूच म्हणाल्या, "आवं आक्का, सतरा वरीस मी ती काळी ट्रंक भरून दिली. चिवडा, लाडू, लोकरीचं बनेल. दोन वरीस झालं, ती रिकामी हाय. मला तिच्यात जोंधळं भरायचं हायती. पर ह्ये म्हनत्यात, थांब जरा, लागंल पुन्यांदा." मग उठल्या, करवतीच्या मुठीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "तेवढी ही शेगडी पेटवा बगा."

तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढून ती ट्रंक हलेना.

खरं तर मी गुरुवारी दुपारीच वायर जोडली होती. पिवळी नळी काढली, दोन्ही टोकं घासली, कथलाचा चांगला डाग दिला. दारात नेऊन करवत चालू केली, नागमोडी रेघांचं बटन दाबलं. दोन मिनिटं. तीन मिनिटं. पाच. टेलर म्हणाले, "रेखा, झाड तोडतीयास का माझं डोस्कं?" मुठी गारच होत्या. मी तोडलेलं मी जोडलं होतं, तरी मुठी गार! माझी चूक माझ्या हातानं गुपचूप पुसायची सोयसुद्धा त्या करवतीनं ठेवली नव्हती.

मग खरी शोधाशोध सुरू झाली. आज वर्गात मी फळ्यावर काढते तेच चित्र तेव्हा मी टेलरांनी दिलेल्या कापड गुंडाळायच्या पुठ्ठ्यावर काढलं होतं. इंजिनाच्या चाकाखाली एक छोटी कॉइल, ती फिरत्या चुंबकावर वीज बनवते. तिथून वीज बटनाकडे. बटनातून मागच्या मुठीत, तिच्या पोटात एक तापणारी पट्टी. तिथून पुढच्या वाकड्या दांड्यात, त्याच्याही पोटात तशीच पट्टी. आणि शेवटी करवतीच्या अंगाला, अर्थिंगला. आगगाडीचे डबे एकामागे एक असतात तसं. एक डबा सुटला की दोन्ही मुठी थंड. मी मीटर घेतला आणि एकेक डबा बघत गेले. कॉइलला काटा हलला. बटन चांगलं. मागची पट्टी चांगली. पुढची चांगली. दोन्ही मिळूनही चांगल्या.

पूर्ण शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी मी पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासलं आणि पुन्हा सगळं चांगलं निघालं. रोगी मरणार आणि तपासण्या उत्तम, अशातली गत. हवालदार दोन्ही दिवस सकाळी आठाला हजर. ऊन खाणाऱ्या मोटारींच्या रांगेत तेही बसायचे, हात काखेत घालून. गप्पा अशा मारायचे की काम थांबावं. बर्फात सकाळी दाढीचा साबण वडीसारखा फोडावा लागायचा. एकदा स्वयंपाक्यानं अंडं आपटलं तर गोटीसारखं उडालं आणि ते शोधायला सहा जणांची तुकडी निघाली. आप्पा खांदे हलवत हसायचे. मी मान खाली घालून हसायचे, कारण वर बघितलं की त्यांची बोटं दिसायची.

शेवटी मी आप्पांना म्हटलं, "आप्पा, माझं डोकं चालंना. समदं चांगलं हाय आन् तरी गार हाय."

आप्पा एका मोटारीत तार भरत होते. वर न बघता म्हणाले, "सुटं सुटं समदी शानी, आन् एका जागी आली की गप. घरातबी हेच अस्तंय. मग माणसात न्हाई, नात्यात बघायचं. जोडणी बघ."

जोडणी. सगळ्या जोडण्या मी बघितल्या होत्या. एक सोडून. शेवटची, करवतीच्या अंगाला स्क्रूनं घट्ट आवळलेली. ती इतकी नीट, इतकी टापटीप दिसत होती की तिच्यावर संशय घ्यायचं मनातच आलं नाही. मी मीटरची एक सळी त्या स्क्रूवर ठेवली आणि दुसरी करवतीच्या अंगावर. काटा झोपलेला. सळी नखानं दाबून घासली. तरी झोपलेला. मग नीट बघितलं. स्क्रू केशरी होता. त्याच्या खालची वायरची कडी केशरी होती. कडीखालचा धातू केशरी होता. सगळीकडं एकसारखा, चकचकीत ऑइलपेंट.

"दादा, हिला रंग कवा दिला?"

हवालदारांची छाती फुगली. "खंडेनवमीला! आमच्या हत्याराला रंग न्हाई, असं हुईल व्हय? समदी खोलली. स्क्रू न् स्क्रू काडला. राकेलनं धुतली. दोन हात मारलं, खालून-वरून. आन् स्क्रू रंगात बुडवून मग आवळलं. पलटणीतली युक्ती हाय ती, हादऱ्यानं ढिलं हुईत न्हाईत. मग हळद-कुंकू, झेंडूची माळ. देवासारखी दिसत व्हती."

मला हसू आवरेना. वीज घरापर्यंत येत होती आणि दारात रंगाचं कुलूप होतं. दसऱ्याला आमच्या भागात शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा रंधा, ट्रकवाल्याचा ट्रक, सगळे नटतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते माझ्या हातांना ठाऊक नव्हतं. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात हत्यारं पुजत नाहीत. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जायचो, आणि दुकानातले पकड-पेचकस आपापल्या जागी तेलकट अंगानं सुट्टी घ्यायचे. रंग लावताना कुणी स्क्रूसुद्धा बुडवून काढेल, हे माझ्या आयटीआयच्या कुठल्याच वहीत नव्हतं.

मी स्क्रू काढला. कडी घासली, दोरे घासले, आणि खालची रुपयाएवढी जागा पॉलिशपेपरनं घासून लख्ख केली. हवालदार माझ्या हाताकडं असे बघत होते, जणू त्यांच्याच अंगावरची कातडी निघतेय. स्क्रू परत आवळला. मीटर लावला. काटा टुणकन उठून उभा राहिला.

दारात नेऊन दोरी ओढली. निळा धूर, टेलरांची शिवी, समोरच्या चहावाल्याचं कुत्रं पळालं. मी बटन दाबलं आणि हवालदारांच्या हातात करवत दिली. ते वेग वाढवत उभे राहिले, डोळे मिटून. एक मिनिट काही नाही. दोन मिनिटं. मग त्यांच्या मिशा आधी हलल्या.

"आली," ते म्हणाले. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले. "आली आक्का, आली!"

त्यानंतर आमच्या दारात जत्रा भरली. टेलर आले, मूठ धरून गेले आणि "इस्त्री परीस बरं हाय" म्हणाले. चहावाला आला. कांद्याच्या ट्रकवरचे दोन हमाल रांगेत उभे राहिले. गावातल्या थंडीला एका परदेशी करवतीनं मुठीत धरलं होतं. आप्पा सगळ्यांना सांगत होते, "रेखानं काडला बिघाड, म्या न्हाई." त्या दिवसानंतर गिऱ्हाईक मोटार माझ्या पायाशी ठेवू लागलं. खूप दिवस वाट बघितलेली गोष्ट घडत होती आणि मला तिचा घास गिळवत नव्हता. पिवळ्या नळीचा तुकडा माझ्या खिशात होता.

सोमवारी सकाळी आप्पांना म्हटलं, मी कालव्यावर जाऊन येते. सायकल काढली. हातमोजे कसले, ओढणी मुठींना गुंडाळली होती. कालव्याच्या पाण्यावरून वाफ उठत होती, कडेच्या उसाची पाती ओलीचिंब, आणि लांबूनच करवतीचा आवाज येत होता, मध्येच जड, मध्येच मोकळा. हवालदार बाभळीच्या बुंध्याशी उभे होते. पाय रोवलेले, खांदे सैल, बोटं जिथं हवीत तिथं. बाभळ कुरकुरली, थांबली, आणि जिथं त्यांनी पाडायची ठरवली होती बरोबर तिथं पडली. ताज्या कापलेल्या लाकडाचा तुरट वास सगळीकडं पसरला. इतकं सुंदर काम मी तोवर फक्त आप्पांच्या हातात बघितलं होतं.

त्यांनी इंजिन बंद केलं. आता बोललं नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं.

"दादा, एप्रिलात मुठीची वायर मीच तोडली होती. मला वाटलं, तापतीय म्हणजे जळणार. सांगितलं बी नाही." आणि पिवळी नळी पुढं केली.

ते नळीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. परेड चुकलेल्या शिपायाकडं बघावं तसं.

"मंजी," ते सावकाश म्हणाले, "तू माज्या हाताला चटका बसंल म्हनून तोडली?"

"हो."

"आन् म्या ती गंजंल म्हनून रंगवली." त्यांनी नळी घेतली, आपल्या वरच्या खिशात घातली आणि बटन लावलं. "गड्या, एवढी माया केल्यावर बिचारी करवत गार पडंल न्हाई तर काय हुईल!" आणि ते असे हसले की पलीकडच्या उसातून दोन बगळे उडाले. मग म्हणाले, "हितं ये." माझा गारठलेला हात धरून त्यांनी मुठीवर ठेवला. मूठ अजून ऊन होती.

तापणाऱ्या प्रत्येक गोष्टीकडं मी बिघाड म्हणून बघत वाढले. आमच्याकडं ऊन इतकं की ऊब मागावी लागत नाही, आणि म्हणून ती ओळखूही येत नाही. आता वर्गात एखादी मुलगी मोटारीला हात लावून "मॅडम, तापलीय" म्हणून धावत येते, तेव्हा मी आधी विचारते, "कुणाची आहे? कशाला वापरतात?" मुलींना वाटतं, मॅडमना चौकशा फार. वाटू दे.

त्या थंडीत हवालदारांनी कालव्याकडेच्या सगळ्या बाभळी काढल्या. पुण्याला दुसरं कोणीतरी गेलं.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीलाच, ते आणि सुमनवहिनी दुकानात आले. आम्ही उद्याच्या विहाराच्या तयारीत, आप्पा पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होते. वहिनींच्या हातात या खेपेला भरलेली पिशवी होती. "ट्रंकंतलं हायती," म्हणाल्या. पिशवीत जोंधळे होते. हवालदारांनी पोत्यातून करवत काढली आणि नेहमीसारखी माझ्यासमोर ठेवली. ताजा केशरी रंग, झेंडूची माळ, जागोजागी हळद-कुंकवाची बोटं. त्यांनी ती फिरवून दुसरी बाजू दाखवली. अर्थिंगच्या स्क्रूभोवती रुपयाएवढी जागा तशीच सोडली होती. तिथं रंग नव्हता, कुंकू नव्हतं, नुसता घासून लख्ख केलेला धातू.

"समदीकडं म्या केलं," ते म्हणाले. "ही जागा तुजी."

आमच्या घरात हत्यारांना हात जोडत नाहीत. मी त्या जागेवर अंगठा ठेवला, आणि बराच वेळ तसाच ठेवला.